नऊ घरटी जास्त

नियम सोपा होता. नदीकाठी कासवांची चाळीस घरटी भरली, की अंड्यांच्या हंगामात वाळूउपसा बंद. प्राणिशास्त्रवाल्या बाईंच्या अहवालात त्रेचाळीस होती. सुनावणी अकरा वाजता होती आणि नऊ वाजता, मोजणीच्या वह्या शेवटचं एकदा चाळताना, बाईंना चूक सापडली.

चूक कष्टाळू माणसांचीच होती. दोन तुकड्यांनी काठाच्या दोन टोकांकडून मोजत यायचं आणि मधल्या खुंटीपाशी थांबायचं, असं ठरलं होतं. पण खुंटीला सावली नव्हती. सावलीचं झाड दोनशे पावलं पुढे होतं, आणि डबे तिथे उघडायचे होते. पहिली तुकडी झाडापर्यंत गेली. वाटेत दिसलेली नऊ घरटी तिने लिहून घेतली, उगाच कोणी कामचुकार म्हणायला नको. तीच नऊ दुसरीनेही लिहिली होती. म्हणजे उरली चौतीस.

ऑफिसातल्या साहेबांनी हे ऐकून आधी दार लावलं. मग समजावलं की हेतू चांगला असला की आकड्याला थोडी सूज चालते. शिवाय कासवं काही तक्रार करणार नाहीत. वाळू उपसणाऱ्या कंपनीने तर काठावर फक्त दोन घरटी दाखवली होती.

"ते अख्खा काठ गिळतात आणि तुम्ही नऊ परत करायला निघालात?"

"त्यांनी ही नऊ पकडली, तर उरलेली चौतीसही खोटी ठरतील, साहेब."

जिन्यात बाईंनी आईला फोन लावला. आईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, वजाबाकी नीट तपासलीस ना?

सुनावणीत बाईंनी उभं राहून पहिल्याच वाक्यात चौतीस सांगितली. कंपनीच्या वकिलांनी तीच नऊ घरटी फोटोंसकट बांधून शेवटच्या मुद्द्यासाठी राखून ठेवली होती. आपण आणलेला आहेर आधीच कोणी देऊन गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी बाईंच्या चिखलाने माखलेल्या वह्या पान पान पाहिल्या आणि कंपनीच्या वह्या मागितल्या. वकील म्हणाले, पाहणी बोटीतून केली, वह्या नव्हत्या.

"का बरं?"

"लिहिण्यासारखं काही नव्हतंच, मॅडम."

"दोन होती म्हणता ना?"

वकील पाणी प्यायले.

निकाल असा लागला : चाळीस सिद्ध नाहीत, दोन तर नाहीतच. हंगाम अजून महिनाभर आहे. दोन्ही पक्षांनी एकत्र चालून पुन्हा मोजावं, एकच वही, दोघांच्या सह्या. तोवर उपसा बंद. साहेब परतताना म्हणाले, मी तरी काय वेगळं सांगत होतो.

तिसऱ्या आठवड्यात सदतीस झाली होती आणि पाव काठ बाकी होता. कंपनीचा इंजिनिअर पहिले दोन दिवस बूट जपत चालला, नंतर त्याने ते जपणं सोडलं. त्या सकाळी तो वाळूत गुडघे टेकून बसला होता.

"बाई, हे धरलंय का?"

बाईंनी वाकून पाहिलं. मागचे पाय घासल्याचे माग, वर दाबलेली वाळू. ताजं होतं. त्यांनी वही त्याच्या हातात दिली.

"तुम्हाला दिसलं, तुम्हीच लिहा."

त्याने अडतीस लिहिलं, खाली सही केली, आणि पुढच्या उंचवट्याकडे निघाला.