बैलाचं गोंदण

सन एकोणीसशे चौतीस, मार्गशीर्ष महिना, कपाशीची दुसरी वेचणी चालू. त्या महिन्यात मला भंगारात काढायचं ठरलं. मी कारंज्याच्या छापखान्यातला ट्रेडल, छपाईचं यंत्र, बोलतोय. पायानं दाबायचं आणि कागदावर ठसा उठवायचा, एवढंच माझं काम.

मला वाचता येत नाही. अक्षरं माझ्यापुढे उलटी येतात. पण साफ काय उठलं आणि चिखल कशाचा झाला, ते मला कळतं. शिकलेल्या माणसांना तेवढंही कळत नाही.

मी विलायती ओतीव लोखंडाचा. मुर्तिजापूरला मोठ्या आगगाडीतून उतरलो, छोट्या गाडीनं कारंज्याला आलो. सव्वीस वर्षं लग्नपत्रिका आणि कापसाच्या जिनाच्या पावत्या छापल्या. मालक बबनराव. त्यांनी मला तेल कधी वेळेवर दिलं नाही. विडी मात्र माझ्याच चाकावर विझवली.

त्यांचं साप्ताहिक खपत नव्हतं. म्हणून त्यांनी त्यात चार चौकटींचं गमतीचं चित्र घालायचं ठरवलं. धनी मूर्ख, बैल शहाणा. शाळेतले ड्रॉइंग मास्तर रामराव ते सागाच्या फळीवर उलटं कोरून द्यायचे.

रामरावांना आपल्या बारीक हाताची घमेंड. बैलाच्या अंगावर त्यांनी केसाएवढ्या शंभर रेघा कोरल्या. बैलाच्या तोंडी वीस शब्द घातले. बबनरावांनी शाई पुरावी म्हणून तिच्यात रॉकेल ओतलं. कागद तर दुकानातला सगळ्यात हलका. शाई रेघांच्या मधे भरली, कागद ती प्याला, आणि काळा गोळा उठला.

"हा बैल होय का शेनाचा पो?" छापखान्याच्या ओट्यावर बसलेला एक जण म्हणाला. सगळे हसले.

दुसऱ्या अंकातही तेच. बबनरावांनी मला लाथ घातली. "मशीनच बुढी झाली, मास्तर. तिसरा अंक साफ नाही आला तर हे लोखंड भंगारवाल्याले."

"मी तेच म्हणून राह्यलो," रामराव म्हणाले. "माह्या रेघेत खोट नाही."

मला थुंकता आलं असतं तर दोघांवर थुंकलो असतो.

बाजाराच्या दिवशी हिरीबाई आली. तांड्यावरची गोंदणारी बाई. गोंदायची काजळी बांधायला ती आमच्याकडून खराब कागद न्यायची. तिनं एक कागद उचलून उजेडात धरला.

"मास्तर, सुया लई जवळ मारल्या तुमी."

"तुले काय समजते चित्रातलं?"

तिनं हात पुढे केला. मनगटावर एक हिरवा डाग होता. "हे मी पयल्यांदा गोंदलं तवाचं. मोर होता." मग कोपरापाशी बोट ठेवलं. तिथला मोर पीस न् पीस मोजता यावा असा. "काळं पसरते, बाप्पा. कातडी पिते, तुमचा कागदबी पिते. त्याले पसराले जागा ठेवा लागते. अन् काजळी पातळ केली का पाझरतेच."

"जाय, आपली वाट धर," रामराव म्हणाले.

ती गेली. आणि या माणसानं दार लावून घेतलं, नवी फळी घेतली आणि ती म्हणाली तेच केलं. बैल बारा जाड रेघांत. अंग कोरं पांढरं. काळं फक्त शिंगांना आणि खुरांना. वीस शब्दांचे चार केले, अक्षर मोठं केलं. शाईत रॉकेल घालू दिलं नाही. एक कोपरा फिका उठत होता, तिथे कागदामागच्या माझ्या पाटीवर पातळ चिटोरं चिकटवलं. ते काम चांगलं होतं. मी खोटं बोलत नाही.

तिसऱ्या अंकात बैल उभा राहिला. अंक दुपारपर्यंत संपले. बबनराव म्हणाले, "मशीन कोनाची हाये?" रामराव म्हणाले, "हात लागते त्याले." हिरीबाईचं नाव दोघांपैकी एकानंही काढलं नाही.

पुढल्या बाजारी ती ओट्यावर आली. "मास्तर, गोंदणाचं सूप बाकी हाये."

आमच्या भागात गोंदणारीला सूपभर ज्वारी देतात, तीही गोंदवून घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं.

"मी कुठी गोंदून घेतलं?"

"तुमच्या बैलाले गोंदलं ना मी."

ओटा हसला. बबनरावांनी तिच्यापुढे एक आणा टाकला. तिनं तो उचलला नाही. "उधारीचं गोंदण पिकते, मास्तर," म्हणाली आणि निघून गेली.

रामरावांना ते झोंबलं. बाईच्या अकलेवर आपण चालत नाही, हे दाखवायला त्यांनी चौथ्या अंकाच्या बैलावर पुन्हा शंभर रेघा कोरल्या. मी छापला. बैल सुजला. डोळा बुजला, शिंगं मानेत गेली. खरंच पिकला होता. रामरावांनी तिसऱ्या अंकातला बैल त्याच्याशेजारी धरून पाहिला.

बबनरावांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो बाजाराच्या दिवशी आला आणि हातोडीनं माझ्या चाकावर ठोकून पाहू लागला. सव्वीस वर्षांत मला कोणी असं ठोकलं नव्हतं. ओटा भरलेला होता. हिरीबाई खाली आपली काजळी मांडून बसली होती.

तेवढ्यात बाजारातून रामराव आले. टोपी खिशात, डोक्यावर सूप, सुपात ज्वारी.

"मास्तर, हमाली कवापासून?" कोणीतरी विचारलं.

ते थांबले नाहीत. ओट्यापाशी येऊन भंगारवाल्याला म्हणाले, "हात काढ. मशीनीत खोट नाही." मग बबनरावांकडे न बघता म्हणाले, "खोट माही होती. बैल हिनं शिकवला."

भंगारवाल्यानं हातोडी पिशवीत टाकली.

तिनं मला वाचवलं होतं. ते देणं माझंही होतं, पण मला हात नाहीत.

हिरीबाईनं पदर पसरला. रामरावांनी वाकून सूप त्यात रिकामं केलं. तिनं दोन दाणे दाताखाली धरून पाहिले, पदराला गाठ मारली.

"फिटलं," ती म्हणाली.