दावियाच्या हातातली घासणी

मी एक जुनी घासणी आहे. भांड्यांची नव्हे, माणसांची. काळी, खरखरीत, पंजा आत जाईल एवढी पिशवी. माझा जन्म...

नाही, थांबा. मित्रांनो, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती आठवली की माझे टाके आवळतात. म्हणून मी दर वेळी जन्मापासून सुरुवात करते. जन्मात लाज वाटण्यासारखे काही नसते.

बरे. जन्मापासूनच.

शेळीच्या केसांचा दोरा होता. एका म्हाताऱ्या बाईने तो घरी विणला, कापला, शिवला. सेफ्रू गावाच्या बाजारात मी दोरीला टांगलेली होते. दाविया आली. तिने एकेक घासणी आपल्या गालावर ओढून पाहिली. माझ्यापाशी तिचा गाल लालबुंद झाला.

"ही द्या," ती म्हणाली.

दाविया नदीकाठच्या हमामखान्यात बायकांची अंगे घासून देते आणि मालिश करते. गेली बावीस वर्षे तिचे हेच काम. बाई वाफेत बसून मऊ पडली की तिला काळा साबण चोळायचा, गरम फरशीवर पालथी निजवायची, आणि मग मी. मी पाठीवरून फिरले की मळाच्या करड्या वळ्या सुटतात, शेवयांसारख्या. त्या चिमटीत उचलून दाविया बाईच्या डोळ्यांसमोर धरते.

"बघ गं, काय काय साठवलं होतंस!"

यात कोणाला वाईट वाटत नाही. बाई हसते, शेजारणी मान उंच करून बघतात, "हात असावा तर दावियाचा" म्हणतात. न दाखवले तर बाईला वाटते, पैसे फुकट गेले. त्या कौतुकातला अर्धा वाटा मी माझा समजत होते. जितक्या लांब वळ्या, तितकी मी फुगत होते. मी माजले होते, मित्रांनो. घासणीसुद्धा माजते.

आता ती गोष्ट.

(सांगते. सांगते आहे.)

यामना नावाची एक बाई बाजारात पोळ्या विकते. मांड्याहूनही पातळ पोळ्या. निखाऱ्यावर तांब्याचा तवा पालथा घालायचा, ओल्या कणकेचा गोळा हातात नाचवत त्यावर टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा, उचलायचा. एका पोळीला तीस-चाळीस वेळा. सकाळपासून दुपारपर्यंत असे करता करता तिचा उजवा खांदा आखडून गेला. हात कानापर्यंत जाईना. तिचे केस जाऊबाई विंचरू लागली. रमजानला चाळीस दिवस राहिले होते. त्या महिन्यात घरोघरी या पोळ्यांत सारण भरून तळतात. यामनाच्या घरचे निम्मे वर्ष त्याच महिन्यावर निघते. हात उठला नसता तर बाजारातली तिची जागा दुसरी कोणी धरणार होती. तशी एकीने विचारणाही केली होती.

ती हमामखान्यात आली ती भिंतीला धरून.

"मावशी, मला ते... खांद्याचं करून घ्यायचंय."

"लग्न ठरलंय की बाळंत झालीस?" दावियाने विचारले. गरीब घरची बाई एरवी यासाठी पैसे मोजत नाही.

"दोन्ही नाही."

"मग श्रीमंत झाली असशील!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. यामनाने अंगावरचा पंचा घट्ट धरला.

"आम्ही जावा-जावा एकमेकींची पाठ घासतो. पैसे देऊन दुसरीच्या हाती अंग कधी दिलं नाही." मग अगदी हळू म्हणाली, "घरून तीनदा धुऊन आलेय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

वेडी बाई. तीनदा भिजलेली कातडी जास्तच सुटते. हे दावियाला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. आम्ही दोघी बोललो नाही.

दावियाने अंगठ्याने तिचा खांदा चाचपला. "अक्रोड बसलाय गं इथं. पण आधी मळ, मग मालिश. कातडी मोकळी झाल्याशिवाय माझा हात आत शिरत नाही."

आणि मी निघाले. दंडावरून, खांद्यावरून, पाठीच्या कण्यावरून. काय वळ्या निघाल्या! दावियाने दोन्ही हातांनी उचलल्या.

"अगं बघा तरी! पेढी उघडलीस की काय आत?"

वाफेतून एक डोके पुढे आले. गालिया. चौकाजवळ राहणारी, मोठ्या घरातली, मोठ्या आवाजाची.

"थांब थांब. ही तर पोळ्यावाली यामना! याच हातांनी थापते की गं आपल्या पोळ्या!"

"तरीच त्यांत मीठ घालावं लागत नाही!" कोणीतरी म्हणाले.

हसणे घुमटाखाली घुमत राहिले. हमामखान्यात आवाज लवकर विझत नाही. यामना उठली. पाठीवर साबण तसाच होता. पाय घसरला, तिने भिंत धरली, आणि ती गेली. मालिश झालीच नाही. अक्रोड तिच्याबरोबर घरी गेला.

तुम्ही विचाराल, अगं घासणी, तुला तेव्हा काय वाटले?

अभिमान वाटला. इतक्या लांब वळ्या त्या महिन्यात कोणाच्याच निघाल्या नव्हत्या.

हे सांगायचे होते. पण अजून सगळे सांगून झालेले नाही.

आठ दिवसांनी दाविया कामावर निघाली होती. मी तिच्या बादलीत होते. वाटेत ती यामनाच्या तव्यापाशी थांबली. यामना डाव्या हाताने पोळी टेकवत होती. पोळी फाटली. दुसरीही फाटली. दुपार व्हायला आली तरी टोपलीतली चळत हललेली नव्हती. शेजारच्या पुदिनावालीपाशी मात्र गर्दी होती.

"गिऱ्हाईक नाही आज?" दावियाने विचारले.

"आहे की. लांबून बघून जातं."

"अर्धं काम टाकून आलीस तू. ये परत."

"उरलेल्या अर्ध्यात आणखी काय दाखवणार आहात, मावशी?"

   दावियाने बादली खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"पोरी," ती शेवटी म्हणाली, "माझी पाठ घासशील?"

आता हे ऐका. आमच्याकडे हमामखान्यात कोणी अनोळखी बाईनेसुद्धा "जरा पाठ घासता का" म्हटले, तर नाही म्हणत नाहीत. वैरिणीलाही नाही म्हणत नाहीत. स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, हे सगळ्यांना माहीत असते.

यामनाने तव्याखालचे निखारे विझवले.

त्या दुपारी आत खूप बायका होत्या. गालियाही होती, पायाला मेंदी लावून. दाविया बरोबर मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी पालथी पडली. तिथे ती रोज दुसऱ्यांना निजवते. यामनाने मला डाव्या हातात घातले. उजवा तर उठतच नव्हता. डावा हात अवघडलेला, भलत्याच दिशेने जाणारा. तरीही पहिल्याच ओढीला वळी सुटली. मग दुसरी. मग इतक्या, की फरशी दिसेना.

गालिया उठून जवळ आली. "अगं बाई, दाविया! तू?"

"मीच," दाविया फरशीवर गाल टेकून म्हणाली. "बावीस वर्षं अख्ख्या गावाच्या पाठी घासतेय. माझी घासायला कोण आलं होतं? यामना, उचल. दाखव सगळ्यांना. माझ्याच हाताची खोड आहे, माझ्यावर फेड."

सगळ्या वाट बघत राहिल्या. 

यामनाने शेजारची बादली पुढे ओढली आणि दावियाच्या पाठीवर ओतली. हळूहळू, मानेपासून कमरेपर्यंत. सगळे करडे पाणी फटीतून वाहून गेले. तिने आणखी एक बादली भरून आणली आणि तीही ओतली.

"झालं, मावशी," ती म्हणाली. "उठा. आता माझा खांदा."

दावियाने मला यामनाच्या हातातून काढून बादलीच्या काठावर ठेवले. मालिश उघड्या हाताने करायची असते, तिथे माझे काम नाही. तळहाताच्या बुडाने तिने कण्याच्या दोन्ही बाजू दाबत नेल्या. मग अंगठा खांद्यामागच्या पसरट हाडाखाली घातला. यामना ओरडली.

"मेले!"

"मेलेल्या बायका ओरडत नाहीत. श्वास सोड. अडवून धरतेस आणि मग दुखतं म्हणतेस."

"लाज वाटते हो."

"आधी खांदा मोकळा होऊ दे, मग हवी तेवढी लाज वाटून घे."

गालिया खुदकन हसली. मग तिला काय वाटले कोण जाणे, तिने पुढे होऊन यामनाचे पाय धरले, फरशीवरून घसरू नये म्हणून. दावियाने मागे बसून यामनाच्या कमरेला गुडघा लावला, दोन्ही हात कोपरातून अडकवले आणि ओढले. कटकन आवाज झाला, सुकी काटकी मोडावी तसा.  मग यामनाने उजवा हात उचलला. हनुवटी. कान. कानाच्या वर. तिथून बोटे केसांत गेली.

"पूर्ण नाही गेला," ती म्हणाली.

"एका दिवसात पूर्ण कसा जाईल? मंगळवारी ये."

ती चार मंगळवार आली. रमजानचा चंद्र दिसला तेव्हा ती उजव्या हाताने पोळ्या टेकवत होती. गालिया आठ डझन घेऊन गेली, तेही चौकात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. काही घरे मात्र अजूनही पुदिनावालीच्या पलीकडच्या दुकानातून घेतात. एकदा वर धरून दाखवलेले खाली ठेवता येत नाही.

दाविया आता वळ्या दाखवत नाही. कोणी "दाखव की" म्हटले तर म्हणते, "गेलं पाण्याबरोबर."

मी विरले आहे. तळव्याकडे दोन भोके पडली आहेत. माझ्या बिरादरीच्या आत्मकथा शेवटी सांगतात की आम्हाला वापरल्यावर पिळा, उन्हात टाका, ओल्या बादलीत कुजवू नका. तेही करा. पण मित्रांनो, माझे मागणे वेगळे आहे. कोणी विश्वासाने तुमच्यासमोर पालथे पडले, तर त्याच्या अंगातून काय निघाले ते दुसऱ्यांना दाखवू नका. आधी पाणी ओता.

मी हे शिकून सांगत नाही, चूक करून सांगते. त्या दुपारी दावियाच्या पाठीवर मी यामनाच्या हातात होते. दावियाने मला आपल्या गालावर घासून निवडले होते, वर्षानुवर्षे रोज स्वच्छ धुऊन वाळत घातले होते. आणि यामना पाण्याच्या बादलीकडे वळली, तेव्हा मला वाईट वाटले. मला वाटत होते, ती वळ्या उचलेल. मी मनात म्हणत होते, दाखव. दाखव ना.