उसन्या शेळ्या

नबीलालचा टेम्पो वाडीत शिरला तेव्हा म्हस्कू रिकाम्या गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. दौंडच्या बाजारात शेळ्यांचा धंदा करणारा हा माणूस. त्यानं फळका पाडला, शेळ्या एकेक करून खाली उतरवल्या आणि म्हणाला, "आबा, यांना पढवून ठेवा. कुणी विचारलं तर म्हणावं, आमी म्हस्कूआबाच्या."

"माज्या न्हाईत त्या."

"मस्करी केली वो. सांजच्याला घिऊन जातो."

शेळ्या आणायचं तानुबाईनं ठरवलं होतं. नात्यानं ती म्हस्कूची चुलत भावजय, आणि आता बायकांच्या गटाची अध्यक्ष. सोयरीक जुळवायला पाहुणे यायचे म्हटलं की शेजाऱ्याच्या गाई आपल्या दावणीला आणून बांधायच्या, ही वाडीची जुनी रीत. त्यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. दारी आलेल्याला रिकामी दावण दाखवायची कशी?

म्हस्कूच्या स्वतःच्या लग्नाआधीही असंच झालं होतं. सुवर्णा नांदायला आली आणि दुसऱ्याच दिवशी सोयरिकीच्या वेळी पाहिलेली बांडी गाय शोधत गोठ्यात गेली. गाय शेजारी परत गेली होती. त्यावरून तिनं त्याला जन्मभर चिडवलं. "तुमी मला गाय दाखवून आणलं," म्हणायची.

आता सुवर्णा नव्हती. दिवाळी झाल्यावर कावीळ झाली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

इनामगावच्या पुढं, घोडनदीच्या काठाला ही धनगरांची वाडी. परदेशातल्या एका संस्थेच्या पैशातून इथं गोठे उभे राहिले होते. अट अशी की मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडायचं बंद करायचं आणि संस्थेच्या मोठ्या हाडाच्या शेळ्या बांधून पाळायच्या. बहुतेकांनी मेंढरं विकली. पहिल्या वर्षी शेळ्या बघत राहाव्या अशा दिसल्या. मग संस्थेचा खुराक बंद झाला. बाभळीच्या शेंगांना त्या तोंड लावीनात. काही मेल्या, उरलेल्यांना लोकांनी बाजार दाखवला.

गटाची अध्यक्ष तेव्हा सुवर्णा होती. प्रत्येक बैठकीत ती एकच बोलायची, "गोठं नको. आमची मेंढरं ऱ्हाऊ द्या. पाऊस पडायच्या आदी लस टोचायला माणूस वाडीवर येऊ द्या. येवढंच करा." सरकारी दवाखान्यातली लस वाडीवर यायची ती पाऊस लागल्यावर, निम्मी मेंढरं आडवी झाल्यावर. बैठकीतले साहेब म्हणायचे, वर कळवतो.

जीव जाताना तिनं म्हस्कूला विचारलं होतं, "ते वरचे लोक कवा आले, तर सांगाल न्हवं?" तो व्हय म्हणाला होता. आज तेच वरचे लोक येणार होते. पुढचा पैसा कशावर घालायचा ते बघून ठरवणार होते.

संस्थेची परदेशी पाहुणीबाई वयस्कर होती, उन्हानं मान लाल झालेली. खुर्ची दिली तर नको म्हणाली आणि बायकांबरोबर सतरंजीवर बसली. पिठलंभाकरी मागून खाल्ली. गोठ्यात सुवर्णाचा हार घातलेला फोटो लावला होता, त्याच्यापुढं तिनं हात जोडले. म्हस्कूला वाटलं, हिला सांगता येईल.

तो उठला. डोक्यावर बांधलेला फेटा काढून हातात घेतला आणि बायको जे बोलायची ते तसंच बोलला. मेंढरं, लस, पाऊस. शेवटी म्हणाला, "आन् ह्या शेळ्या आमच्या न्हाईत. आमच्या मेल्या. ह्या पाहुण्यासाठी आणल्यात."

बोललेलं इंग्रजीत सांगायला गौतमी होती. तानुबाईची सून, संस्थेत पगारावर होती. तिचा चेहरा उतरला, पण पोरीनं एक शब्द गाळला नाही. हे पाहुणीच्या चेहऱ्यावरच दिसलं. पाहुणीनं सगळ्यांकडं बघून विचारलं, आणि गौतमीनं खाली मान घालून मराठीत सांगितलं, "बाई विचारत्यात, हे खरं हाय का?"

बायका तानुबाईकडं बघायला लागल्या.

मग तानुबाई म्हणाली, "सुवर्णा गेल्यापास्नं भावजींचं डोकं जाग्यावर न्हाई, बाई. एकलेच बडबडत बसत्यात. त्यांचं मनावर नका घिऊ."

बायकांनी माना हलवल्या. गौतमी सासूकडं बघत राहिली, आणि मग तिनं तेही इंग्रजीत सांगितलं.

पाहुणीबाई उठून म्हस्कूजवळ आली. त्याचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बोलली. "त्या म्हणत्यात," गौतमी म्हणाली, "त्यांची आई गेल्यावर त्यांच्या वडलांचंबी असंच झालं व्हतं. काळजी करू नका म्हणत्यात."

म्हस्कूनं हात सोडवून घेतला नाही.

निघण्याआधी पाहुणीनं जाहीर केलं की असेच गोठे आता दौंडच्या बाजूलाही बांधायचे आणि त्यांना सुवर्णाचं नाव द्यायचं. टाळ्या वाजल्या.

ऊन कलल्यावर नबीलाल आला. म्हस्कूनं शेळ्या चढवायला हात लावला.

"आबा, गप बसायचं व्हतं. त्या बाईला काय कळणार?"

"कळलं असतं."

फळका लावून झाल्यावर नबीलाल म्हणाला, "ह्या घरी नाय न्यायच्या. भांडगावला उतरवायच्यात. तिकडंबी पाहुणे हायेत."

टेम्पो गेला. तानुबाई ताट घेऊन आली. "भावजी, सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुमच्या."

"वैनी, मी खोटं बोललो का?"

"न्हाई."

"मग?"

"सुनंची नोकरी गेली तर ल्येकानं काय करायचं? तुमीच सांगा." तिचे डोळे भरले होते. "सुवर्णानं समजून घेतलं असतं."

"न्हाई," म्हस्कू म्हणाला. "हसली असती."

ताट तिथंच राहिलं. त्यानं गोठ्यातला फोटो काढला, हार खुंटीला अडकवला आणि वाघरीकडं गेला. जाळीच्या त्या कुंपणात सुवर्णाची उरलेली मेंढरं होती. ती तिनं कुणाला विकू दिली नव्हती. एक मेंढी घोळक्यातून वेगळी, मान टाकून उभी होती. त्यानं फोटो बगलेत धरला आणि तिच्या कानाला हात लावून पाहिला. कान तापला होता. नदीपलीकडं आभाळ काळं होत आलं होतं.