टाचण्यांमागची गुणगुण

मी एक कॅसेट बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण स्वतःचं असं काही बोलायची मला सवय नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलले. शेजारी कुणी कात्री आपटली तरी मी आतल्या आत दचकते, आणि आज तर कबुली द्यायला बसले आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी काय खाल्लं आणि कुणाचं, ते तुम्ही ऐका आणि ठरवा.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर एका गायिकेची आठ गाणी होती. कुणीतरी मला विकत घेतलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि तो कोट अस्तर बदलायला एका शिवणाच्या दुकानात आला. अस्तर बदललं, गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं, आणि मी गल्ल्याशेजारी राहिले. माझा वरचा डबा आणि त्यावरचं गायिकेचं नाव कोटाबरोबरच गेलं असावं.

दुकान मावशीचं. ती सगळ्यांचीच मावशी होती, पण खरी एकीचीच. बहीण गेल्यावर तिच्या मुलीला मावशीनं आणून वाढवलं. पोरगी काडीसारखी, आणि खुट्ट झालं की टेबलाखाली. मावशी तिला टाचणी म्हणायची. टाचणीचं काम एकच, लोहचुंबक घेऊन जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायचं.

दोन हिवाळे मावशीनं माझ्या मालकाची वाट पाहिली. मग माझ्या पाठीवरच्या दोन खाचांत चिंध्या कोंबल्या, म्हणजे माझ्यावर नवं भरता यावं, आणि टेप सुरू केला. तिला गाणं भरायचं नव्हतं, मापं भरायची होती. गिऱ्हाईक उभं असताना हातात फीत, कोपराखाली खडू, ओठांत टाचण्यांची रांग. लिहिणार कशानं? म्हणून ती टाचण्यांच्या फटीतून मापं बोलायची आणि मी ती धरून ठेवायची. छाती अडतीस. खांदा सतरा. बाही चोवीस. संध्याकाळी सावकाश ऐकून वहीत उतरवायची.

गाणी पुसली गेली तेव्हा मला दुखलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कुणीतरी कामाला लावलं म्हणून. हे न दुखणंच पुढे मला टोचत राहिलं.

मावशीच्या दुकानाचा एक नियम होता. कटिंगचे खाकी कागद, म्हणजे कॉलर-बाह्यांचे साचे, दुकानादुकानांतून फिरायचे. याची कॉलर त्यानं घ्यायची, त्याची बाही हिनं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. कॉलर काय आभाळातून पडते, मावशी म्हणायची, कुणीतरी कुणाचीतरी बघूनच कापतो. पण कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं, कुणाकडून आली ते. ‘बाही, कोपऱ्यावरच्या उंच मास्तरांची.’ ‘खिसा, जुन्या भागीदाराचा.’ आणि त्यावर आपण काही बदललं असेल तर खाली तेही लिहायचं. माझ्यावरही तिनं कागद चिकटवला आणि लिहिलं, ‘कोटातली. मापं.’ कोट कुणाचा ते तिला ठाऊक नव्हतं, पण आपली नाही एवढं तिनं लिहून ठेवलं.

मापांच्या मधे मधे मी आणखी एक गोष्ट धरून ठेवत होते. मावशी गुणगुणायची. तोंड मिटलेलं, ओठांत टाचण्या, आवाज सगळा नाकातून आणि गळ्यातून. चाल चार पायऱ्यांची. तिसऱ्या पायरीवर तिचा हात वर जायचा, ओठांतली एक टाचणी निघायची, आणि सूर तिथे किंचित अडखळायचा, ठेच लागल्यासारखा, मग चौथ्या पायरीवर जाऊन बसायचा. प्रत्येक वेळी. आपण गुणगुणतो हे तिच्या गावीही नव्हतं. मापं उतरवताना ती गुणगुण आली की कान न देताच ती टेप पुढे पळवायची, मशीनची घरघर पळवावी तशी.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. दुकान अर्धं झालं, मापं कमी झाली आणि टेप बिघडला. मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. तो डबा खिडकीत. कित्येक उन्हाळे मी त्या पत्र्यात भाजून निघाले. माझी फीत सैलावली, कुठे ताणली, कुठे आकसली. हे माझं दुखणं. ध्यानात ठेवा, पुढे त्याचंच कौतुक होणार आहे.

टाचणी मोठी झाली, शिकली, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहू लागली. दिवसा दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा द्यायची, उरलेल्या वेळात संगणकावर गाणी करायची. खोलीच्या दाराला आणि खिडकीला तिनं घोंगड्या ठोकल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. सहा महिने ती एकाच गाण्यावर अडली होती. सगळं होतं, पण गाणं बसत नव्हतं.

एका दुपारी ती मावशीकडे आली आणि जाताना म्हणाली, “मावशी, हा बटणांचा डबा नेऊ का?”

मावशी म्हणाली, “ने की. तुझाच आहे.”

डबा ने, म्हणाली होती. हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवलं आहे. आवाज ने, असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

टाचणीनं कुठून तरी जुना टेप मिळवला आणि मला लावलं. ‘छाती अडतीस’ ऐकून ती हसली. मग गुणगुण आली. तापून सैलावलेल्या माझ्या फितीतून ती जाड, खोल, थरथरत आली, पाण्याखालून आल्यासारखी. टाचणी हसायची थांबली. तिनं मला मागे नेलं, पुन्हा लावलं, पुन्हा मागे नेलं. मग चार सेकंदांचा एक तुकडा कापून संगणकात घेतला, ठेच लागते तो. तोच तुकडा सबंध गाण्याखाली फिरत ठेवला, आणि सहा महिने अडलेलं गाणं एका दुपारी बसलं.

मला आनंद झाला. लपवत नाही. माझी थरथर ऐकून तिच्या अंगावर काटा आला होता. एका म्हाताऱ्या कॅसेटला आणखी काय हवं?

गाणं बाहेर पडलं आणि पसरलं. दुकानांत, बसमध्ये, दवाखान्यात भूल चढायची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या कानात. शब्द कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. राहिली ती मागची गुणगुण. टाचणी आता मला पर्समध्ये घेऊन फिरायची, शकुनाची म्हणून. त्यामुळे एका मुलाखतीत निवेदिकेनं विचारलेला प्रश्न मी जवळून ऐकला. ती गुणगुण तुम्हाला कुठून सुचली?

मला वाटलं, आता पर्स उघडेल.

“अशीच,” ती म्हणाली. “मनात आली.”

मी अंधारात पडून होते, तोंडात मूग धरून. माझ्या पोटात ‘छाती अडतीस’पासून सगळं होतं, पण मला कुणी फिरवल्याशिवाय बोलता येत नाही. ही सबब खरी आहे. तरीही सबबच.

तिची एक मैत्रीण होती, ड्रम वाजवणारी, फटकळ. तिला टाचणीनं सगळं सांगितलं आणि वर वकिलीही केली. ताल शंभर गाण्यांत वाजून झालेला आहे, ती म्हणाली, त्याचं कुणी विचारतं का? गिटारचे स्वर सगळ्यांचेच आहेत. गाणी गाण्यांतूनच होतात. आणि मी चार सेकंद घेतले, बाकी तीन मिनिटं माझीच आहेत की.

मैत्रीण नखं कुरतडत ऐकत होती. मग म्हणाली, “चाल घेतली असतीस तर मी काही बोलले नसते. ताल घेतलास, ठीक आहे, मीही घेते. पण तू बाईच उचललीस गं. अख्खी. आणि विचारलं नाहीस.”

टाचणी रुसून गेली. रुसणं बरं असतं, उत्तर द्यावं लागत नाही.

पण उत्तराची वेळ आलीच. नव्या गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेत तिचं गाणं शेवटच्या पाचांत निवडलं गेलं. जिंकली तर खऱ्याखुऱ्या स्टुडिओत वर्षभर काम, आणि दवाखान्याला रामराम. फक्त एक अर्ज सही करून पाठवायचा होता. त्यात ओळ होती, या गाण्यातली प्रत्येक कल्पना आणि प्रत्येक आवाज माझा स्वतःचा आहे. टाचणीनं पेन उचललं आणि ठेवलं. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी अर्ज, मी आणि टेप, तिघांना पिशवीत घालून ती मावशीकडे गेली.

मावशी एका झग्याची कड दुमडत होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिनं मानेनंच बस म्हटलं. मग टाचण्या उशीत खोचल्या आणि आपणहून बोलू लागली. शेजारच्या मुलीनं गाणं ऐकवलं, मला आवडलं हो. आमच्या टेबलाखालच्या पोरीनं केलंय असं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते.

“त्यात ती एक बाई आहे ना,” मावशी म्हणाली, “दात दुखत असल्यासारखी गुणगुणते. ती मला फार आवडली. कोण गं ती?”

पिशवीत माझी फीत ताठ झाली. टाचणीचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिचे हात पिशवीवर आवळलेले जाणवत होते.

“आहे एक,” ती म्हणाली.

“बरं. तिचं नाव लिहिलंस ना कोपऱ्यात?”

मावशीनं हे सहज विचारलं होतं, दोरा संपला का विचारावं तसं. टाचणी उठली, टेप टेबलावर ठेवला आणि मला लावलं.

मावशीनं आधी मापं ओळखली. अडतीस, सतरा, हा तर त्या हसऱ्या शिक्षकांचा कोट, म्हणाली. मग गुणगुण आली. तिसऱ्या पायरीवर ठेच लागली. मावशीचा हात नकळत ओठांकडे गेला, तिथे नसलेली टाचणी काढायला. आणि तिला कळलं.

मी फिरत राहिले, मला थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी मावशी म्हणाली, “ही चाल माझी नाही. शेजारी इस्त्रीवाल्या बाई होत्या, त्या शीळ घालायच्या. त्यांची आहे.”

टाचणीचा श्वास मोकळा झाला. “म्हणजे तूही त्यांची घेतलीसच की, मावशी.”

“घेतली. पण त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.” मावशीनं झगा बाजूला सारला. “चालीचं सोड. मी गुणगुणते हे सगळ्या गावानं ऐकलं, टाचणे. मला मात्र आज कळतंय. विचारलं असतंस तर तोंड उघडून नीट गायले असते.”

“मग ते गाणं झालं नसतं.”

“नसतं झालं. पण मग मी नाही म्हणाले असते, किंवा हो तरी.”

टाचणी रडू लागली. मावशीनं तिला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही. आणि मी अजून फिरतच होते. मापं संपली होती. फितीच्या शेवटी, जिथपर्यंत मावशीची मापं कधी पोचलीच नाहीत, तिथे आठव्या गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. इतक्या वर्षांनी त्या दुकानात उमटल्या. एक मोकळा, उंच आवाज. मग खट्ट.

“ही कोण?” टाचणीनं डोळे पुसत विचारलं.

मावशी टेपकडे बघत राहिली. “कोटातली,” ती म्हणाली. “नाव नाही माहीत. मीच पुसलं तिला.”

टाचणीनं अर्ज टेबलावर पसरला. ती छापील ओळ खोडली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं. चाल, इस्त्रीवाल्या बाईंची. गुणगुण आणि ठेच, मावशीची. थरथर, कॅसेटची. तुकडा कापणं आणि बाकीचं, माझं. त्यात कॅसेटचंही नाव वाचून मला लाजल्यासारखं झालं. थरथर ही माझी कला नव्हती, ऊन होतं. पण मग ठेच तरी मावशीची कला कुठे होती, ओठांतली टाचणी होती. आपलं म्हणायचं ते नेमकं कुठून, मला अजून कळलेलं नाही.

स्पर्धेनं गाणं बाद केलं. टाचणी अजून दवाखान्यात वेळा देते. ज्या निवेदिकेला ती ‘मनात आली’ म्हणाली होती, तिला तिनं पत्र लिहून खरं काय ते कळवलं. ते वाचून दाखवलं गेलं की नाही, मला माहीत नाही. फटकळ मैत्रिणीशी मात्र बोलणं सुरू झालं.

मी आता पुन्हा मावशीच्या दुकानात आहे, खिडकीपासून दूर, सावलीतल्या फळीवर. सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण कळल्यापासून मावशी गुणगुणत नाही. ओठांत टाचण्या घेते, सूर गळ्यापर्यंत येतो, आणि तिला आठवतं की कुणी ऐकत असेल. दुकानात नुसती कात्री ऐकू येते. हे माझ्यामुळे झालं. मी धरून ठेवलं नसतं तर ते तिच्याकडेच राहिलं असतं.

गेल्या आठवड्यात टाचणी आली होती. मावशी एका कोटाची बाही टाचत होती आणि तंद्री लागली असावी. पहिली पायरी, दुसरी. टाचणीचा हात फोनकडे गेला आणि वाटेतच थांबला.

“मावशी,” तिनं विचारलं, “घेऊ का हे?”

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

टाचणीनं फोन पालथा घातला, ड्रॉवरमधून लोहचुंबक काढलं आणि टेबलाखाली जाऊन टाचण्या वेचत बसली. दुकान गप्प झालं. कात्री चालली, कोट उलटा झाला, दुसरी बाही आली. आणि बऱ्याच वेळानं, अगदी बारीक, तिसरी पायरी आली. मला तिथे कुणी लावलेलं नव्हतं. ती मी धरली नाही.

एक विनंती करून थांबते. फार वर्षांपूर्वी तुमच्यापैकी कुणी अस्तर बदलायला कोट टाकला असेल आणि घरी आल्यावर आतला खिसा रिकामा वाटला असेल, तर त्या गायिकेचं नाव तेवढं कळवा. माझ्यावरचा कागद अजून तोच आहे. ‘कोटातली’च्या पुढचं ‘मापं’ मावशीनं परवा खोडरबरानं पुसून ती जागा कोरी ठेवली आहे.