थंड इंजिनाचं ऑइल

डिसेंबरात आलेलं ते पत्र शामकांतांनी दोनदा वाचलं आणि उत्तर न देता जाडजूड शब्दकोशात घालून ठेवलं. पुढचे तीन महिने एखादा शब्द अडला तरी त्यांनी तो कोश उघडला नाही.

पत्र कोपरगावजवळच्या एका वस्तीवरून आलं होतं. लिहिणारे काकासाहेब ट्रॅक्टर मिस्तरी. शामकांत नगरच्या एका तंत्रनिकेतनात ग्रंथपाल होते, आणि तीस वर्षांपूर्वी त्यांनी इंजिनांविषयी सोप्या मराठीत एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. स्वतः त्यांनी जन्मात कधी पान्याला हात लावलेला नव्हता. सगळं ज्ञान छापील. त्यामुळे कुणी पुस्तकाचं कौतुक केलं की त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं होई.

काकासाहेबांनी लिहिलं होतं : "सर, तुमच्या पुस्तकावर मी मिस्तरी झालो. माझी पुतणी ज्ञानेश्वरी पुण्यात नोकरीला हाय. तिनं जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. तिथं जागा न्हाई म्हणून गाडी माझ्याकडं असती. साडेतीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, ताकद चारशे दहा घोड्यांची. म्हंजी आठ ट्रॅक्टर एका बोनेटखाली! तुमी लिवल्याप्रमाणं रोज सकाळी थंड इंजिनाचं ऑइल बघतो. रोज कमी दिसतं, रोज टाकतो. तर आता गाडी निळा धूर सोडती. एवढं ताकदीचं इंजिन टिकतच न्हाई का? पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर कारखान्याचं गाळप संपल्यावर इंजिन खोलीन म्हणतो. तवर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांतून सवड न्हाई. तुमी सांगाल तसं."

पत्र वाचताना शामकांतांच्या मनात लगेच काहीतरी टोचलं. त्यांनी पुस्तक काढून चौसष्टावं पान पाहिलं. 'कोणत्याही इंजिनाचे तेल सकाळी, इंजिन थंड व बंद असताना तपासावे.' ट्रॅक्टरला, जीपला ते अगदी बरोबर होतं. पण शर्यतीच्या जातीच्या काही इंजिनांत ऑइल खालच्या भांड्यात नसतं, वेगळ्या टाकीत असतं. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल पाझरून इंजिनात उतरतं. सकाळी ऑइल मोजायची पट्टी बुडवली तर कमीच दिसणार. ते तपासायचं इंजिन तापवून, चालू ठेवून. हे सगळं त्यांनी नंतर कुठेतरी वाचलं होतं. पण हे इंजिन त्याच जातीचं कशावरून? आपण पाहिलंय का? पुन्हा चुकलो तर? असा विचार करत करत पत्र कोशात गेलं.

मार्चच्या सुरुवातीला त्यांच्या पत्नी विजयाताई चहा पिता पिता वर्तमानपत्र वाचत होत्या. "कोपरगावकडच्या साखर कारखान्यांचं गाळप संपलं हो या वर्षीचं."

शामकांतांनी कप खाली ठेवला आणि उठून शब्दकोशातलं पत्र काढलं.

"काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. विजयाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यात फोन नंबर नाही का?"

"आहे. एकदा लावला होता. ते 'हॅलो' म्हणाले आणि मी ठेवून दिला."

"धन्य आहे तुमची. आता पत्र टाकून उपयोग नाही, आणि फोनवर तुम्ही बोलणार नाही. उठा, डबा देते, एसटी पकडा."

शामकांत वस्तीवर पोचले तेव्हा ऊन तापलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये लाल रंगाची बुटकी गाडी आणि भोवती पाने-हातोड्या मांडलेल्या. काकासाहेब साठीचे, काळे, काटक. नाव ऐकताच त्यांनी हात पुसून थेट पाय धरले. "सर! तुमी? आवं, कळवायचं न्हाई का!"

शामकांत संकोचून मागे सरकले ते टायरच्या थप्पीवर आदळले.

रविवार असल्याने ज्ञानेश्वरीही आलेली होती. तिशीची, धीट मुलगी. "काका आज खोलणार आहेत, सर. मी म्हणतेय, विकूनच टाकू. हे इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत जातं. यातला एक बोल्ट चुकीचा आवळला तरी संपलं."

"आन् मी काय आंधळा हाय व्हय?" काकासाहेब म्हणाले.

"आंधळे नाही हो. ट्रॅक्टरवाले आहात."

काकासाहेब हसले, पण हातातला पाना त्यांनी उगाच दोनदा पुसला.

शामकांत खाली बघून म्हणाले, "मला वाटतं... खात्री नाही हं... ऑइलची वेगळी टाकी आहे का याला?"

"हाय की. मागं, उजव्या अंगाला."

"मग खोलण्याआधी एकदा गरम करून बघू या? वीस मिनिटं. आणि पट्टी इंजिन चालू असतानाच काढायची."

इंजिन सुरू झालं. निळ्या धुराने शेड भरली, शेजारचा सहादेव खोकत बाहेर पळाला. वीस मिनिटांनी काकासाहेबांनी पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

काकासाहेबांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली; तेवढंच. मग शामकांतांनी चाचरत टाकीचा प्रकार सांगितला. ऑइल जास्त झालं की ते हवेच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि जळतं, धूर त्याचा. रिंगा ठणठणीत असाव्यात.

जवळजवळ दोन लिटर ऑइल काढलं. ज्ञानेश्वरीने गाडी कालव्याच्या रस्त्याने पाच-सहा वेळा फिरवून आणली. शेवटच्या फेरीला मागे धुराची रेघसुद्धा नव्हती. उतरली ती हसतच.

सहादेव ओरडला, "काका, गाडीला काय म्हशीवानी पेंड चारत हुता का? रोज थोडं थोडं!"

सगळे खो खो हसले. ज्ञानेश्वरीही म्हणाली, "काका, यापुढे हिला तुम्ही फक्त पुसायचं."

काकासाहेब मान खाली घालून म्हणाले, "पुस्तकात बरोबरच आसंल. मीच नीट वाचलं न्हाई."

तेव्हा शामकांतांनी बोलायला हवं होतं. शब्द तोंडात आलेही. पण तेवढ्यात कुणी चहा पुढे केला, कुणी म्हणालं सर आले म्हणून गाडी वाचली, आणि काकासाहेब स्वतः त्यांच्या खांद्यावर टॉवेल घालून नारळ देऊ लागले. तो नारळ मांडीवर घेऊन शामकांत एसटीने नगरला परतले.

"सांगितलंत का, पुस्तकातच चूक होती म्हणून?" विजयाताईंनी दारातच विचारलं.

शामकांतांनी नारळ त्यांच्या हातात दिला.

"म्हणजे गाडी वाचवलीत आणि मिस्तरी बुडवलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं : 'चूक तुमची नव्हे. चौसष्टाव्या पानावर "कोणत्याही" हा शब्द मी न पाहता लिहिला. तुम्ही ते वाक्य तंतोतंत पाळलंत. सोबतचा दुरुस्तीचा कागद त्या पानावर चिकटवावा. हे पत्र ज्ञानेश्वरीताईंना आणि सहादेवांना मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, एवढ्या ताकदीचं इंजिन टिकतं. तापल्याशिवाय पळवू नये, ऑइल वेळेवर बदलावं, आणि रोज कान देऊन ऐकणारा माणूस जवळ असावा. तो माणूस या गाडीजवळ आहे. उत्तराला तीन महिने लागले, कारण मी भित्रा आहे.'

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

टपाल कचेरीतल्या बाईंनी पत्ता संगणकावर घेताना विचारलं, "नावापुढे हे 'इंजिन मिस्तरी' पण घालू का आजोबा?"

"घाला," शामकांत म्हणाले, आणि बाईंनी पाकीट पिशवीत टाकेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले.