लेकुरवाळं घर

जालन्याच्या मस्तगडातलं गिरिधररावांचं घर काही वाईट नव्हतं. भिंती जाड, आडाला बारमाही पाणी, दार पूर्वेला. तरी दोन गिऱ्हाइकं बैठकीतूनच माघारी गेली. दर विचारला नाही, माळवद पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "लेकरं किती?" आणि "न्हाईत" म्हटल्यावर जोडे पायात घातले. निपुत्रिकाची वास्तू लाभत नाही म्हणे! पण गिरिधररावांना थांबायला सवड नव्हती. कोर्टाबाहेर बसून उर्दू अर्ज लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एक डोळा विझला होता, दुसराही त्याच वाटेनं निघाला होता. मुंबईचा डॉक्टर जल्दी या म्हणत होता, आणि मुंबईला जायचं तर घर विकण्यावाचून इलाज नव्हता.

"घर भरल्यालं दिसलं पायजे," ते बायकोला म्हणाले. "नुसत्या चुन्यानं काय होतंय? चुना तर धर्मशाळेलाबी असतो."

मग नवराबायको कामाला लागली. द्वारकाबाईंनी जमीन सारवली, दाराला तोरण बांधलं. शेजारच्या झुंबरबाईकडून पांगुळगाडा आणून कोपऱ्यात ठेवला. तिच्याच पोराची धुतलेली झबली-टोपडी पुन्हा ओली करून दांडीवर टाकली. पाळणाही तिचाच, तो टांगायला कडी मात्र घरचीच होती. लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी हौसेनं ठोकून घेतलेली. अठरा वर्षांत तिला पहिल्यांदाच दोर लागला.

गिरिधररावांनी तर कमालच केली. कोळसा घेऊन उकिडवे बसले आणि नव्या चुन्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीला, वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. कोर्टात नावाजलेलं त्यांचं अक्षर, पण रेघा अशा पोरकट उतरल्या की त्यांचं त्यांनाच हसू आलं. द्वारकाबाईंना आलं नाही.

राहता राहिलं मूल. तेही झुंबरबाईनंच दिलं, आठ महिन्यांचं, दूध पाजून, एका सकाळीपुरतं.

घनसावंगीचे भुजंगराव बायकोला घेऊन घर पाहायला आले. कापसाच्या दोन सुगी चांगल्या गेलेला माणूस, जालन्यात बिऱ्हाड करायचं त्याच्या मनात होतं. पाळणा पाहूनच त्याचा चेहरा खुलला.

"हे धाकटं," गिरिधरराव म्हणाले. "थोरली दोघं अंबडला मामाकडं गेल्याती."

दुसऱ्यांच्या कैफियती लिहून लिहून हात बसलेला माणूस, तो अडखळतो कशाला? भुजंगरावांना घेऊन ते परसात आड दाखवायला गेले.

बाया आत राहिल्या. द्वारकाबाईंनी भुजंगरावांच्या बायकोला, तुळजाबाईला, हळदीकुंकू लावलं. ती पाळण्याकडं एकटक बघत होती. मग तिनं जवळची गाठोडी सोडली. आत नारळ, खण, तांदूळ.

"अक्का, नऊ वर्सं झाली लग्नाला. निघताना आत्याबाई म्हणल्या, ज्या घरात ऱ्हायाचं तिथल्या लेकुरवाळीच्या हातनं ओटी भरून घे. भराल न्हवं?"

द्वारकाबाईंनी पाळण्याचा दोर धरला. वांझेच्या हातची ओटी म्हणजे पदरात वांझपणच पडायचं, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यांनी स्वतः किती लेकुरवाळ्यांपुढं असाच पदर पसरला होता! विटाळाचं निमित्त सांगावं तर आत्ताच स्वतःच्या हातानं कुंकू लावलेलं. खरं सांगावं, असं ओठांवर आलं. नक्की आलं होतं.

तेवढ्यात परसात बादली गडगडली. "सांभाळून, सांभाळून," भुजंगराव म्हणत होते. "दिसली न्हाई व्हय?"

"ऊन लई हाये," गिरिधररावांचा आवाज आला. "पानी बघा, बिलकुल गोड!"

तुळजाबाईनं पदर पसरला. "तुमच्यावानी होऊ द्या मला. दुसरं कायबी नको."

द्वारकाबाईंनी ओटी भरली. नारळ, खण, पाच मुठी तांदूळ. हात जरासुद्धा कापला नाही, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. रीतीप्रमाणं तुळजाबाईनं ओटीतले चार दाणे परत त्यांच्या हातावर ठेवले, काहीतरी पुटपुटली आणि पाया पडली.

सौदा जागच्या जागी ठरला. पाहुणे गेले. द्वारकाबाई पोर झुंबरबाईच्या मांडीवर ठेवून परत आल्या आणि रिकाम्या पाळण्याशी बसून राहिल्या.

"जमलं बघ!" गिरिधरराव भिंत चाचपत आत आले. "आता डोळा वाचला समज. बोलत का न्हाईस?"

"तिची ओटी भरली मी."

त्यांचा हात भिंतीवरच थांबला. "तिला लेकरू न्हाई?"

"न्हाई. माझ्यावानी व्हायचंय म्हणाली."

गिरिधरराव खाली बसले. मग द्वारकाबाईंनी ओटी भरल्यापासून मिटलेली मूठ उघडली आणि ते चार दाणे नवऱ्याच्या हातावर ठेवले. त्यांनी हात उरल्या डोळ्याजवळ नेला, फिरवून पाहिला, तरी त्यांना उमगेना.

"काय हाये हे?"

"तांदूळ," त्या म्हणाल्या. "आपल्या लेकरांसाठी देऊन गेली."