व्हायोलिन : मी

"हे कुणी केलं?" तपासनिसांनी रेकॉर्ड दुकानदाराच्या नाकासमोर धरली.

दुकानदार जुन्या पंख्याचे पाते पुसत होता. मान न वळवताच तो म्हणाला, "काय केलं?"

"हे. लेबलावर. पेनानं."

दुकान कसले, अडगळीचे गोदामच होते. मोडके रेडिओ, टाइपरायटर, काचा गेलेली घड्याळे, आणि मागच्या भिंतीशी जुन्या रेकॉर्डींच्या चळती. तपासनीस सकाळपासून त्या चळतींपुढे उकिडवे बसून एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरत ओरखडे पाहत होते. हवी ती हाताला लागली तेव्हा क्षणभर त्यांना गुडघ्यांची कळही जाणवली नाही. आणि मग लेबल दिसले. गायिकेच्या छापील नावाखाली, मोकळ्या जागेत, निळ्या शाईने, बारीक सरळ अक्षरात कुणीतरी लिहिले होते, 'व्हायोलिन : मी'.

"मालच तसा येतो, साहेब," दुकानदार म्हणाला. "कुणी नाव घालतं, कुणी फूल काढतं. गाण्याला काय होतंय?"

"इतक्यात कोण आलं होतं रेकॉर्डी बघायला?"

आता मात्र दुकानदाराने मान वळवली. "तुम्ही पोलिसांतले का?"

"पाणीखात्यातला."

"मग पाण्याचं बघा की."

तपासनीस पाणीखात्यात मीटर तपासायला होते. मीटरला चुंबक लावणारे, मीटर टाळून चोरून नळ ओढणारे, खोटे सील ठोकणारे, असे सगळे वल्ली त्यांनी उभ्या नोकरीत पकडले होते. त्यामुळे समोरचा हसला की हा काय लपवतोय, हेच त्यांच्या मनात आधी येई. "दूधवाला वेळेवर आला तरी यांना शंका येते," असे त्यांची बायको शेजारणींना सांगे.

शंका न घेता त्यांनी आयुष्यात एकाच गोष्टीला जीव लावला होता, ती म्हणजे या गायिकेचा आवाज. बाईंनी मोजक्याच रेकॉर्डी दिल्या आणि गाणे सोडले. त्या रेकॉर्डी पुन्हा निघाल्या नाहीत. म्हणून सुटी मिळाली की तपासनीस कुठल्या ना कुठल्या शहराची वाट धरत, आणि जुन्या बाजारांतून कपडे धुळीने माखून, कधी काखोटीला एखादी रेकॉर्ड मारून, तर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येत.

पण अलीकडे काहीतरी शिजत होते. नदीकाठच्या शहरात मिळालेल्या रेकॉर्डवर हेच अक्षर, गिरण्यांच्या शहरातल्या रेकॉर्डवर तेच. आज पुन्हा. त्यांच्या आधी त्यांच्याच वाटेने कुणीतरी फिरत होते, आणि नेमक्या त्यांच्याच बाईंच्या रेकॉर्डी बिघडवत होते.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. मेव्हणा आला होता.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, शाळेत तपासनिसांच्याच बाकावर बसलेला. सोयरीक नंतर जुळली, दोस्ती आधीची. तो शिलाई मशीनचे सुटे भाग घेऊन गावोगाव फिरे, आणि तपासनिसांना सुटी असली की त्यांना सोबत घेई. त्याची कामे होईपर्यंत यांना बाजारात सोडायचे आणि जाताना उचलायचे.

"मिळाला का तवा?" मेव्हण्याने दार उघडत विचारले. रेकॉर्डला तो तवाच म्हणे.

"मिळाला."

"मग तोंड का असं? तुझं म्हणजे लेका, सापडलं तरी सुतक, नाही सापडलं तरी सुतक!"

तपासनिसांची नजर मेव्हण्याच्या खिशाकडे गेली होती. खिशाला पेन होते. खिशाच्या खालच्या शिवणीवर शाईचा डाग होता. निळा.

एकदा किडा डोक्यात शिरला की तो बाहेर पडायला वाट शोधत नाही, घरच करतो. रस्ताभर मेव्हणा गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होता आणि तपासनीस मनात हिशेब जुळवत होते. कुठल्या शहरात कुठली रेकॉर्ड मिळण्याजोगी आहे, हे त्यांनी आणखी कुणाला सांगितले होते? कुणालाच नाही. याच्याशिवाय. तिन्ही शहरांत कोण फिरतो? हा. थट्टा म्हणून करत असेल का? की लेबल बिघडवून आपला शौकच मोडायचा, म्हणजे बहिणीच्या मागची ही कटकट एकदाची जाईल, असा त्याचा बेत असेल? बायकोही सामील असेल. त्या दोघांचे परवा स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजणे चालले होते, आणि हे आत जाताच दोघे गप्प झाली होती.

त्या रविवारी मेव्हणा जेवायला आला. तो हात धुवायला गेला आणि तपासनीस उठले. खुंटीला त्याची पिशवी होती. त्यांनी ती उतरवली, चेन उघडली आणि आत हात घातला. सुयांची पाकिटे, तेलाची बाटली, दोऱ्याची रिळे. आणखी खाली काहीतरी गोल, चपटे लागले. त्यांनी ते अर्धवट बाहेर काढले. ते शिलाई मशीनचे चाक होते.

"काय हवंय?"

मेव्हणा दारात उभा होता. हातांवरून पाणी ठिबकत होते.

दुसरा एखादा चपापला असता. तपासनीस चपापले नाहीत. ज्याच्या घरी मीटर तपासायचा, तो आधी ओरडतोच, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी टेबलावरचे वर्तमानपत्र पुढे सरकवले. "जरा इथे 'व्हायोलिन' लिहून दाखव."

"काय?"

"व्हायोलिन. लिही. पेन आहे ना खिशात?"

मेव्हण्याला आधी हसू आले. त्याने पेन काढले, वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलेही. गलेलठ्ठ, उजवीकडे झुकलेले अक्षर. लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात आले आणि हसू विरून गेले. रेकॉर्डवरच्या लिखाणाची कटकट त्याने आधीच्या फेऱ्यांत व्हॅनमध्ये ऐकलेली होतीच.

"तुला वाटतं, ते मी करतो?"

"अक्षर बदलून लिहिता येतं," तपासनीस म्हणाले.

बायको ताट घेऊन आली होती, ती तिथेच थबकली. मेव्हण्याने पेन खिशाला लावले, पिशवीची चेन ओढली. "ताई, मी निघतो," एवढेच तो म्हणाला. ताट बराच वेळ टेबलावर निवत पडले.

बायकोने अबोला धरला असता तर बरे झाले असते. ती बोलायची सगळे, गॅस संपला, नळाला पाणी आले नाही. फक्त भावाचे नाव काढायची नाही. कुजबुज कसली होती, तेवढे मात्र तिने एकदा सांगून टाकले. यांच्या रेकॉर्डींसाठी काचेचे कपाट करून द्यायचे भावाच्या मनात होते आणि तो मापे विचारत होता.

तपासनिसांनी तेही पूर्ण खरे धरले नाही.

पुढच्या सुटीत ते एकटेच बसने निघाले. शहर नवे होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या ओट्यावर रेकॉर्डींची खोकी मांडलेली होती. बाईंची एक रेकॉर्ड त्यांना तिथे लगेच सापडली, आणि लेबल कोरे होते! आजवर ते पोचण्याआधी चोर येऊन जायचा, आज ते आधी पोचले होते. त्यांनी रेकॉर्ड घेतली नाही. खोक्यात सगळ्यांत पुढे, सहज दिसेल अशी ठेवली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. चोरून नळ ओढणाऱ्यांना ते असेच पकडत.

दुपार कलायला लागली. लोक येत होते, खोकी चाळत होते, जात होते. मग एक म्हाताऱ्या बाई आल्या. सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. नातवंडासाठी काही बघत असतील, म्हणून तपासनिसांनी दुसरीकडे पाहिले. परत पाहिले तेव्हा बाईंनी रेकॉर्ड पाकिटातून काढून कठड्यावर ठेवली होती, आणि त्या वाकून लिहीत होत्या.

तपासनीस रस्ता ओलांडून धावले. त्यांनी बाईंचे मनगट धरले.

"काय चाललंय हे?"

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी भिंगांतून वर पाहिले. "तुम्ही रेकॉर्ड कंपनीचे का?"

"नाही."

"मला वाटलं, आले शेवटी." त्यांनी मनगट सोडवून घेतले आणि शाई वाळावी म्हणून लेबलावर फुंकर घातली.

"दुसऱ्याच्या मालावर लिहिता? न विचारता?"

"विचारलं की नाही म्हणतात. दोनदा विचारून पाहिलं."

"आणि हे 'मी' म्हणजे कोण?"

"मी म्हणजे मी. बाई गायल्या आणि मागे मी वाजवलं. सगळ्या रेकॉर्डींत."

"पुरावा काय?"

बाईंना हसू आले. "पुरावा असता तर या वयात पेन घेऊन कशाला फिरले असते?"

खोट्या सीलांवर बोट ठेवणाऱ्या तपासनिसांनी चहा मागवला. दोघे टपरीच्या बाकावर बसली.

"नाव का लिहीत नाही तुमचं?"

"नाव वाचून माणूस पुढे जातो. असेल कुणीतरी, म्हणतो. 'मी' वाचलं की थांबतो. कोण बाबा ही मी? तुम्ही थांबलात ना?"

"मी... हो."

"कंपनीचे साहेब म्हणाले, लेबलावर जागा नाही." त्यांनी रेकॉर्ड त्यांच्यापुढे धरली. "आता तुम्हीच बघा. होती की नाही जागा?"

होती. दोन ओळी सहज बसल्या असत्या. तपासनिसांनी हे लेबल अनेकदा पाहिले होते. रोज सकाळी पाहत. ती रिकामी जागा त्यांना कधी दिसली नव्हती.

"बाईंचा राग आहे का तुम्हाला?"

"छे! काय गायची ती! तिच्यामागे वाजवायला मिळालं, ते काय थोडं झालं?" बाईंनी चहा बशीत ओतला. कप उजव्या हातात होता. डाव्या हाताची बोटे आत वळलेली, एकमेकांना चिकटल्यासारखी मांडीवर पडली होती. ती त्यांनी पदराखाली घेतली. "मुली, भाच्या, पुतणे, सगळे गावोगाव पसरलेत. मी आळीपाळीने राहायला जाते. त्यांना वाटतं, हिला माणसांची केवढी ओढ! दुपारी सगळे झोपले की मी बाजारात."

तपासनीसही हसले. फार दिवसांनी हसले म्हणून ते त्यांनाच विचित्र वाटले.

"माझ्याकडे घरी आहेत काही. कोऱ्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हाला लिहायचं असेल तर..."

"तुम्हाला कळलं ना आता? मग त्यांच्यावर कशाला लिहायचं?"

बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि गर्दीत मिसळल्या. त्या बोलल्या ते खरे की खोटे, हे ठरवायला तपासनिसांपाशी काहीच नव्हते. तरीही त्यांना ते खरे वाटले. आणि ते खरे वाटताच ओल्या हातांनी दारात उभा राहिलेला मेव्हणा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

घरी आल्यावर त्यांनी कपडेही न बदलता ती विकत आणलेली रेकॉर्ड लावली. गाण्याच्या आधी, गाण्याच्या मागे, ओळ संपून पुढची सुरू होईपर्यंतच्या फटीत व्हायोलिन होते. ते आवाजाला हात देत होते, आणि आवाज सावरला की बाजूला होत होते.

"हे व्हायोलिन ऐकलंस?" त्यांनी बायकोला विचारले.

ती कपडे घडी घालत होती. "मला नेहमी तेच ऐकू येतं," ती म्हणाली. "तुम्ही बाईंचं कौतुक करायचात, म्हणून कधी बोलले नाही."

त्यांनी तिला सगळे सांगितले. तिने घडी अर्धवट ठेवून ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी कामावरून ते परस्पर मेव्हण्याकडे गेले. मेव्हणा अंगणात व्हॅनचे मागचे दार उघडून खोकी लावत होता. तपासनिसांनी फाटकापासूनच बोलायला सुरुवात केली, म्हातारी, पेन, डावा हात, सगळे एका दमात. आणि मग, "चुकलं माझं. पिशवीत हात घालायला नको होता."

"झालं ते झालं," मेव्हणा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने हात पुसले. "आत या ना. बसा."

तपासनिसांना वाटले, मागे आणखी कुणी आले आहे. त्यांनी वळून पाहिले. कुणी नव्हते.

मेव्हण्याच्या बायकोने पाणी आणले, चहा आणला. मेव्हण्याने व्हायोलिनवाल्या बाईंची गोष्ट नीट ऐकली, दोनदा हसला. "ताई बरी आहे ना?" त्याने विचारले. "तुम्ही आणखी थोडा चहा घ्या." कपाटाचे काय, गाडी पुढे कुठे जाणार, हे दोघांनीही काढले नाही.

निघताना मेव्हणा चपला घालून फाटकापर्यंत आला. "सावकाश जा," तो म्हणाला. "बस कोपऱ्यावरच मिळेल."

तपासनीस चालू लागले. वळणावर त्यांनी मागे पाहिले. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत थांबावे, तसा तो एक हात फाटकावर ठेवून अदबीने उभा होता.